कोऱ्या नावाची सून

गुन्हेगाराच्या घरी चहा घ्यावा की नाही, यावर आमच्या खात्यात दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, घेऊ नये. चहा घेतला की मिंधेपण आलं, मग खरं लिहिताना हात अडखळतो. दुसरा पक्ष म्हणायचा, घ्यावा. स्टोव्हला पंप मारून कपबशी पुढे येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यातच घर बोलतं. मी दुसऱ्या पक्षातली. नोकरीभर मी चोरांकडे, पाकीटमारांकडे, दारू विकणाऱ्यांकडे मनसोक्त चहा प्यायले. संध्याकाळी घरी आल्यावर नवरा विचारायचा, "आज कोणाकडे झाला?" नाव सांगायची आम्हाला मनाई. मी नुसतं म्हणायचे, "आल्याचा होता."

मी प्रोबेशन ऑफिसर होते. सरकारी मराठीत त्याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात, पण या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. आरोपी "बाई" म्हणायचे, पोलीस "मॅडम" म्हणायचे आणि वकील मंडळी मी समोर नसताना काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. काम थोडक्यात असं. गुन्हा शाबीत झाला किंवा आरोपीने कबूल केला, आणि तो पहिलाच असला, की शिक्षा सुनावण्याआधी मॅजिस्ट्रेट आम्हाला विचारतात, हे माणूस आत टाकण्याच्या लायकीचं आहे, की बाहेर राहून सुधारेल? मग आम्ही त्याच्या घरी जायचं, शेजारीपाजारी विचारायचं, जिथे काम करतो तिथे चौकशी करायची आणि अहवाल द्यायचा. साहेबांना पटलं तर तुरुंग टळतो. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यायचा, एक जामीनदार आणायचा आणि दर महिन्याला आमच्यासमोर हजेरी लावायची. त्या मुदतीत पुन्हा सापडला तर जुन्या गुन्ह्याचीही शिक्षा भोगायची.

ऐंशीच्या दशकात मी उपनगरातल्या एका कोर्टात होते. घाटकोपरच्या डोंगरापासून मुलुंडच्या नाक्यापर्यंत माझा इलाखा, आणि अंधेरीकडचे सहकारी रजेवर गेले की तोही माझ्याच गळ्यात. बसायला जागा म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीचा एक कोपरा. खिडकी कँटीनच्या मोरीवर उघडत असे.

या नोकरीत एक गोष्ट फार लवकर लक्षात येते. चोरी करणाऱ्या पुरुषाच्या घरी गेलं की घर भरलेलं असतं. आई पाया पडते, बहीण रडते, बायको पोर पुढे करते, शेजारचे काका येऊन सांगतात की मुलगा मनाने वाईट नाही, संगत वाईट लागली. चोरी करणाऱ्या बाईच्या घरी गेलं की दार अर्धंच उघडतं. "ती इथे राहत नाही." "आमचा तिचा संबंध नाही." शेजारीण मात्र भरभरून बोलते, पण ती चोरीबद्दल नाही. ती मोठ्याने हसते, दारात केस विंचरते, याबद्दल. पुरुषाने गुन्हा केला तर त्याचा पाय घसरला म्हणायचं, बाईने केला तर ती मुळातच तशी. मी सांगते हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि एकदा नव्हे.

आमचे अहवालही तसेच. पुरुषाबद्दल लिहायचं, नोकरी काय, संगत कोणाची, व्यसन आहे का. बाईबद्दल लिहायचं, घर कसं ठेवते, मुलं स्वच्छ आहेत का, सासरच्यांशी वागणूक कशी. असा नियम कुठे छापलेला नव्हता, पण सगळेच तसं लिहीत. मीदेखील बाईच्या घरात शिरल्यावर आधी मोरीकडे पाहायचे. पाकीटमाराने घरी भांडी घासावीत अशी अपेक्षा माझ्यासकट कुणालाच नव्हती.

अंधेरीची एक मुलगी आठवते. दुकानातून साडी उचलली म्हणून पकडली होती. पहिला गुन्हा. साहेबांनी विचारलं, लग्न झालंय? नाही. कुठे राहतेस? एकटीच. काम? जुहूच्या एका हॉटेलात. रात्री घरी किती वाजता येतेस? आता साडी उचलली होती भरदुपारी, पण प्रश्न रात्रीचा. तिनेही सरळ उत्तर दिलं, उशीर होतो. ती आत गेली. त्याच आठवड्यात स्कूटर चोरणारा एक पोरगा त्याच साहेबांनी सोडला, कारण त्याची आई कोर्टात धाय मोकलून रडली. साहेब दुष्ट नव्हते. बायकांशी तर ते फार अदबीने वागत. फक्त त्यांच्या अदबीला कुंकू, मंगळसूत्र आणि शक्य असल्यास कडेवर एक मूल लागे.

एकदा आम्हाला प्रशिक्षणाला नेलं होतं. तिथे एका विद्वान गृहस्थांनी बायकांच्या हातून गुन्हे कमी का होतात यावर व्याख्यान दिलं. कोणी म्हणतं बाई स्वभावतःच मऊ, कोणी म्हणतं ती करते पण लपवते, कोणी म्हणतं तिच्यावर लहानपणापासून पहारा असतो. मला हे शेवटचं पटलं. दळण आणायला उशीर झाला तरी जिला घरी जाब द्यावा लागतो, ती दरोडा घालायला वेळ कुठून काढणार? व्याख्यान चांगलं झालं. पण बाईच्या नावावर लिहिलेला गुन्हा बाईचाच असतो का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते मला भागीरथीच्या घरात कळलं.

भागीरथीला मी पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टात, मागच्या बाकावर बसलेली. आरोपी ती नव्हती. आरोपी होती तिची सून कुंदा, विशीतली, सहाव्या-सातव्या महिन्याची गरोदर. गावठी दारूची केस. घाटकोपरच्या डोंगरावर त्यांची खोली होती, तिथे पोलिसांना पाण्याच्या पिंपात दारूने भरलेल्या ट्यूबा सापडल्या होत्या. मोटारीच्या टायरात असते तीच रबरी ट्यूब. देवनारकडच्या खाडीत भट्ट्या लागायच्या आणि माल असा ट्यूबांत भरून वस्त्यांत यायचा.

"गुन्हा कबूल आहे?" साहेबांनी विचारलं.

कुंदाने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, नवऱ्याला शोधते आहे. पण तिची नजर म्हातारीवर जाऊन थांबली. नऊवारीतली, तपकिरीची डबी मुठीत धरलेली भागीरथी. तिने मान हलवली, देवळात कौल मिळाल्यावर हलवतात तशी, सावकाश.

"व्हय," कुंदा म्हणाली.

साहेबांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "बाई, रिपोर्ट द्या."

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून गेले. दारात भागीरथीच उभी. "येवा बाई. वायच बसा, चाय ठेवतंय." ठेवतंय म्हणाली ती, पण स्टोव्ह पेटवला कुंदाने. खोली लहान, स्वच्छ, भिंतीवर गिरणीच्या गणपतीसमोर काढलेला म्हाताऱ्याचा फोटो. म्हातारा गिरणीत होता, दारूने गेला. विकतही होता आणि पीतही होता. दोन मुलगे. थोरला रघुनाथ, कुंदाचा नवरा, भांडुपच्या एका कारखान्यात कायम कामगार. धाकटा विलास, त्याच कारखान्यात बदली कामगार, कायम व्हायची वाट पाहणारा. दोघेही त्या वेळी कामावर गेले होते.

चहा उकळेपर्यंत भागीरथीने मला जे सांगितलं, ते लपवून नव्हे, मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"माझ्या घोवाचे सगळे केशी मीच अंगावर घेतलंय. त्येका एकदापण पिंजऱ्यात उभो रव्हाक दिलंय नाय."

"का पण? माल त्यांचा होता ना?"

ती माझ्याकडे, हिला सरकारने नोकरी कशी दिली, अशा नजरेने पाहू लागली. "बापयमाणसावर केस इली तर नोकरी जाता, बाई. बायलमाणसाचा काय जाता?"

हिशेब सरळ होता. कोर्टात बाईला दंड करून, समज देऊन सोडतात हे डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या साहेबांची अदब तिथपर्यंत पोचली होती आणि घराघराने तिचा उपयोग करून घ्यायचा ठरवला होता. धाड पडली की पुरुष सदरा चढवून बाजूला व्हायचे आणि बाई पुढे यायची. दुसऱ्या घरात सुनेला स्वयंपाकघर सोपवतात, या घरात केस.

"मग या वेळी तुम्ही का नाही उभ्या राहिलात?" मी विचारलं.

"माझा नाव आता खराब झालाहा. इतके केशी झाले, माका आता सोडूचे नाय. हिचा नाव कोरा असा." आणि तिने सुनेकडे कौतुकाने पाहिलं.

कुंदाने कपबशी माझ्यापुढे ठेवली. मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"माझा काय असतला?" ती म्हणाली.

मी अहवालात सगळं लिहिलं. माल घराचा आहे, बापामागे धंदा मुलग्यांचा आहे, ही मुलगी सांगितलं म्हणून उभी राहिली. मधेच एका ओळीत, नेहमीच्या सवयीने, गरोदर आहे, घरकामात दक्ष आहे, असंही लिहिलं. साहेबांनी नेमक्या त्या ओळीखाली लाल रेघ मारली. बाकीच्याबद्दल म्हणाले, "बाई, कबुली ती कबुली. मी काय सगळ्या डोंगराला बोलावू?" कुंदा वर्षाच्या बाँडवर सुटली. जामीनदार म्हणून सही करायला आला रघुनाथ. बायकोच्या चांगल्या वर्तणुकीची हमी त्याने झोकदार सहीने दिली. मला हसू आलं, आणि मग दिवसभर काही गोड लागलं नाही.

कुंदा दर महिन्याला हजेरीला येत असे. मध्ये बाळंत झाली, मुलगी झाली, मग मुलीला कडेवर घेऊन येऊ लागली. माझ्या टेबलाशी बसून आधी सगळं मुलीबद्दल सांगायची. मी दर वेळी तेच बजावायचे. "कुंदा, वर्ष निभाव. या वर्षात पुन्हा केस आली तर मी काही करू शकणार नाही. सरळ आत जाशील. आणि ही?"

"हिका सासू बगतली."

"सासूचं दूध पिणार आहे का ही?"

एकदा तिने विचारलं, "बाई, मी नाय म्हटलंय तर?"

"तर पोलिसांना शोधावं लागेल माल कोणाचा ते."

"आमच्या घरात आजपर्यंत बायलमाणूस नाय म्हणूक नाय." ती मुलीच्या टोपड्याची गाठ सोडत-बांधत म्हणाली. "कसा म्हणतत ताच माका ठावक नाय."

मला वाटलं, हे शिकवायचं कुठल्या खात्याचं काम?

आणि वर्ष संपायला थोडे दिवस राहिले असताना धाड पडली. सकाळची वेळ. नंतर कुंदानेच मला येऊन सांगितलं. रघुनाथ दारातल्या आरशासमोर दाढी करत होता, तोंडाला साबण. विलास अजून अंथरुणात. माल पोटमाळ्यावर सापडला. फौजदाराने विचारलं, "कोणाचा?" आणि हवालदार सवयीने कुंदाकडे वळून नाव लिहायला लागला. नाव त्याला पाठ होतं.

"माझो नाय," कुंदा म्हणाली.

हवालदाराने मान वर केली. तो हसला, त्याला वाटलं पोरगी घाबरलीय. "अगं ए, मागच्या टायमाला सोडली ना तुला? परत सोडतील. चल नाव सांग."

"नाव ठावक असा तुमका. माल माझो नाय."

रघुनाथ वळला नाही. आरशातूनच त्याने आईकडे पाहिलं. भागीरथी मासे साफ करत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "माझो असा. चला."

फौजदाराला काय, एक कबुली हवी होती. घरात बाई कबूल होत असताना दोन धडधाकट पुरुषांना विचारण्याचं त्याला काही कारण दिसलं नाही.

तोवर आमचे साहेब बदलून नवे आले होते. तेही सज्जन. त्यांनी जुन्या केसेस पाहिल्या आणि ते म्हातारीवर भडकले. "या वयात हे धंदे? आई आहात ना तुम्ही? अशा आया असतात म्हणून मुलं बिघडतात." बिघडलेली दोन्ही मुलं मागच्या बाकावर इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. अहवाल कोणी मागितला नव्हता, पहिला गुन्हा नव्हता ना. तरी मी उठून म्हणाले, "साहेब, घरात दोन कमावते मुलगे आहेत. हा माल एकट्या म्हातारीचा असणं शक्य नाही." साहेब शांतपणे म्हणाले, "तिने कबूल केलंय, मॅडम. तुम्ही तिच्यापेक्षा जास्त जाणता का?" भागीरथीला काही महिन्यांची शिक्षा झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती घराबाहेर राहायला गेली. कोणत्या घरी, ते दिसतंच आहे.

त्याच संध्याकाळी कुंदाला सासरच्यांनी बाहेर काढलं. म्हाताऱ्या सासूला जेलमध्ये घातली, असं डोंगरभर झालं. डोंगरावरच्या बायकाच जास्त बोलल्या. ज्यांनी आयुष्यभर केसेस घेतल्या होत्या त्यांना ही कोण लागून गेली, असं झालं. कुंदा मुलीला घेऊन अंधेरीला मावशीकडे गेली. तिथे कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात शर्टांचे लोंबते धागे कापायच्या कामाला लागली. तिचा बाँड बिनतक्रार पुरा झाला. माझ्या कागदोपत्री ती एक यशस्वी केस आहे. आमच्या वार्षिक बैठकीत तिचा उल्लेख झाला, माझं कौतुक झालं आणि सामोसे आले.

तुरुंगात बायकांच्या बराकीत मला अधूनमधून जावं लागे. ज्यांनी भेटीचा दिवस पाहिला नाही त्यांना सांगते. पुरुषांच्या बाजूला सकाळपासून बायकांची रांग असते. आया, बायका, बहिणी. हातात पिशव्या, पिशवीत धुतलेले कपडे, बिस्किटं, साबण, नवस केलेल्या देवाचा अंगारा. पोरं रडतात, शिपाई ओरडतात, अगदी जत्रा असते. बायकांच्या बाजूला शुकशुकाट. एखादी आई आली तर आली. नवरे येत नाहीत. त्यांना कामावरून वेळ मिळत नसतो.

अशाच एका दिवशी मी आत बसलेली असताना भागीरथीच्या नावाचा पुकारा झाला. ती घाईघाईने पदर सारखा करत गेली. तिला वाटलं रघुनाथ आला. जाळीपलीकडे कुंदा उभी होती, कडेवर मुलगी.

म्हातारी बराच वेळ नातीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "झील येवक नाय?"

"नाय."

"कामाक गेलो असतलो."

सुक्या बोंबलांची चटणी आणली होती, ती शिपाईबाईने आत नेऊ दिली नाही, तेवढं कुंदाने सांगितलं. भागीरथीने विचारलं, "तुका माझो राग येवक नाय?"

"येता," कुंदा म्हणाली. "पण मी नाय इलंय तर कोण येतला?"

म्हातारीने जाळीतून बोट घालून नातीच्या पावलाला लावलं. मी तिथून उठून गेले. रडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण गणवेशातल्या बायकांसमोर रडायचं नाही असं मी ठरवलेलं होतं.

जाळीपलीकडे दर भेटीच्या दिवशी कुंदाच यायची. मुलगे एकदाही आले नाहीत. सुटकेच्या दिवशीही दारात कुंदाच. मी मुद्दाम गेले होते. कुंदा म्हणाली, "आये, माझ्याकडे चल. खोली ल्हान असा, पण जागा होयत."

भागीरथीने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नीट पाहून घेतलं. कोणी येत नव्हतं. "नको गो," ती म्हणाली. "झील जिते असताना सुनेकडे ऱ्हवलंय तर लोक काय म्हणतीत?" आणि ती बसने एकटी डोंगरावर गेली. लोक काय म्हणतील यापायी या देशात किती जन्मठेपा भोगल्या जातात, त्याची नोंद कुठल्याच तुरुंगात होत नाही.

नंतर काही महिन्यांनी कुंदा माझ्याकडे आली. हजेरी केव्हाच संपली होती, तरी मधून येत असे.

"बाई, विलासचा लगीन ठरला. गावचा चेडू असा. रंजना नाव."

"बरं झालं की," मी म्हटलं.

"काय बरा झाला?" ती एकदम चिडली. "सासूचा नाव खराब. माझा खराब. आता घरात कोरा नाव नाय कोणाचा. म्हणान घाई चल्लीहा."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी पत्रिका, मुहूर्त, आहेर यांचा विचार करत होते. कुंदाने लग्नाचा हिशेब धाडीच्या तारखेवरून केला होता.

ती त्या मुलीला भेटली. डोंगरावर तिला कोणी घरात घेत नव्हतं, म्हणून सार्वजनिक नळावर जाऊन उभी राहिली. रंजना हंडा लावून उभी होती. कुंदाने तिला सांगितलं, पोलीस विचारतील तेव्हा नाय म्हण. आणि पुढे कोर्टात विचारलं तर निदान गप ऱ्हव. हे मीच कुंदाला शिकवलं होतं. आरोपी गप्प राहिला तर कायद्यात तो नकारच धरतात, पोलिसांना पुरावा आणावा लागतो. रंजनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू नाय म्हटलंस, मगे तुझा काय झाला?"

"मी काय सांगतलंय तिका?" कुंदा मला म्हणाली. "घरातसून काढल्यानी म्हणान सांगू?"

दिवाळीनंतर लगेच रंजना पिंजऱ्यात उभी राहिली. हिरवा चुडा अजून कोपरापर्यंत होता. पोलिसांसमोर ती काही बोलली नव्हती. घरातल्यांनीच तिचं नाव सांगितलं होतं आणि हवालदाराने लिहून घेतलं होतं. मागच्या बाकावर विलास, त्याच्या शेजारी भागीरथी. वर्षभरात म्हातारी फार खाली वाकली होती. मी माझ्या जागेवर बसून देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी एकच शब्द मनात म्हणत होते. गप. गप. गप.

"गुन्हा कबूल आहे?" साहेबांनी विचारलं.

रंजनाने मागे वळून पाहिलं, सासूकडे. मीही पाहिलं. भागीरथी तिच्याकडेच बघत होती. नजर काढून घेतली नाही. पण मान हलवली नाही. तपकिरीची डबी मुठीत घट्ट, आणि मान ताठ. त्या वाकलेल्या बाईची मान ताठ झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मुलगी थांबली. शिरस्तेदाराने वर पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, आवाज मऊ करून, "घाबरू नको. कबूल आहे का?"

रंजनाची नजर सासूवरून नवऱ्याकडे सरकली. विलासने मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या चुड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "नवीनच लग्न झालेलं दिसतंय. मॅडम, रिपोर्ट द्या."

मी बाहेर व्हरांड्यात आले तर भागीरथी भिंतीला धरून माझीच वाट पाहत होती. तिने माझं मनगट पकडलं.

"बाई, तुमी बघितल्यात मां? मी मान हलवूक नाय."

"बघितलं," मी म्हटलं.

"मी हलवूक नाय," ती पुन्हा म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "मगे ती व्हय कित्याक म्हणाली?"

मला त्या व्याख्यानातली सगळी कारणं आठवत होती. एकही सांगण्यासारखं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की मी उद्या घरी येते.

"येवा," भागीरथी म्हणाली. "सून चाय बरी करता."